जाम झालेले आटे आणि झिरपणारे तेल : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

रोहिण्या निघाल्या की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय आपोआप ठरतो. हरभऱ्याच्या पेरणीनंतर आखाड्यावर बाभळीखाली किंवा पत्र्याच्या आडोशाला टेकवून ठेवलेली अवजारे मिरगाच्या तयारीसाठी बाहेर निघतात आणि त्यांचे नट-बोल्ट जागचे हलत नाहीत. या वेळी सहा पत्रे एकाच अडचणीची आली, म्हणून हे पूर्ण सदर त्यांनाच दिले आहे.

प्रश्न : आमच्या ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्राने मागील रब्बीत हरभरा पेरला. आता सोयाबीनसाठी फणांमधील अंतर १२ इंचांवरून १८ इंच करायचे आहे; परंतु फण धरून ठेवणाऱ्या यू बोल्टच्या १९ नंबरच्या चाक्या (नट) गंजून बसल्या आहेत. बाजारातून गंज सोडवण्याच्या स्प्रेचा डबा आणला, मारला, दहा मिनिटे थांबून पाना लावला, तर दोन चाक्यांचे कोपरेच गोल झाले. डबा बनावट असेल काय? आता गॅस कटरने कापून टाकावे काय? (एक शेतकरी, ता. केज, जि. बीड)

उत्तर : आपण लिहिलेल्या हकिकतीत डब्यावर संशय घ्यावा असे मला काही आढळत नाही; दोष त्या दहा मिनिटांचा आहे. पेनिट्रेटिंग ऑइल, म्हणजे फटीत झिरपणारे पातळ तेल, गंज खाते असा सर्वत्र समज आहे आणि तो चुकीचा आहे. लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू यांच्या संयोगातून तयार होणारा गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो, आणि चाकी व बोल्ट यांच्या आट्यांमध्ये मुळातच अगदी बारीक फट असल्यामुळे हा फुगलेला गंज तेथे पाचरीसारखा ठासून बसतो. तेल ही पाचर विरघळवत नाही. ते तिच्यातील बारीक भेगांतून आत शिरते आणि गंजाचे कण लोखंडाला घट्ट धरून बसण्याऐवजी त्यावरून घसरावेत एवढा ओशटपणा तेथे पोहोचवते. समईच्या वातीत तेल जसे कोणी न ढकलता वर चढते, तसेच ते या फटीत ओढले जाते. मात्र वातीला भिजायला जसा वेळ लागतो तसा यालाही लागतो, आणि वर्षाचा गंज असेल तर हा वेळ मिनिटांत नव्हे, रात्रींत मोजावा लागतो. आपल्याकडे पुष्कळजण अशा वेळी ट्रॅक्टरचे काढलेले काळे ऑइल बोल्टवर ओततात. त्याने पुढचा गंज काही प्रमाणात थांबतो, परंतु आधीच झालेल्या गंजात शिरण्याइतके ते पातळ नसते.

तेल मारण्यापूर्वी वायर ब्रशने चाकीभोवतीची वाळलेली माती आणि खताची खपली पूर्ण काढावी. हे काम कंटाळवाणे असते म्हणून टाळले जाते आणि मग महागडे तेल मातीच पिऊन टाकते. चाकीच्या वर बोल्टचे जे आटे उघडे दिसतात, तेही घासून स्वच्छ करावेत. कारण सुटताना चाकीला त्यांच्यावरूनच वर यायचे असते आणि पहिल्या दोन फेऱ्या सहज फिरलेली चाकी पुष्कळदा त्या उघड्या, गंजलेल्या आट्यांवर येऊन पुन्हा अडकते. त्यानंतर चाकी जेथे पट्टीला टेकते तेथे आणि बोल्ट जेथे चाकीतून बाहेर येतो तेथे, अशा दोन्ही कडांना तेल द्यावे. संध्याकाळी एकदा आणि सकाळी एकदा असे दोन दिवस करावे. प्रत्येक वेळी तेल दिल्यावर चाकीच्या एका सपाट बाजूला मागून जड हातोडा किंवा घण टेकवून दुसऱ्या बाजूवर लहान हातोडीने आठ-दहा ठोके द्यावेत. ठोके खिळा ठोकण्याइतपतच असावेत, परंतु ते फिरवून सहाही बाजूंवर पडावेत. त्यांच्या हादऱ्याने ठिसूळ गंजाला नव्या भेगा पडतात आणि तेलाला पुढची वाट मिळते. माझ्या अनुभवात या ठोक्यांचे काम तेलाइतकेच, किंबहुना त्याहून मोठे असते, आणि डब्यावर ते कोठेही छापलेले नसते.

पाना लावताना दोन तोंडांचा फिक्स पाना वापरू नये, कारण तो चाकीला दोनच बाजूंनी धरतो आणि जोर वाढला की त्याचे जबडे उघडतात. आपल्या दोन चाक्यांचे कोपरे बहुधा असेच गेले असावेत. रिंग पाना चांगला, आणि सहा कोनांची गोटी, म्हणजे चाकीवर टोपीसारखा बसणारा पाना, त्याहून चांगली. बारा कोनांची गोटी लवकर बसते, परंतु ती कोपऱ्यालाच धरत असल्याने गंजलेल्या चाकीवर धोक्याची ठरते. गोटी पूर्ण खोल बसली आहे हे पाहून पहिला जोर आवळण्याच्या दिशेने द्यावा. हे ऐकायला उलटे वाटते, परंतु केसभर आवळल्यानेही गंजाची पकड एका बाजूने सुटते. मग सोडण्याच्या दिशेने जोर द्यावा. चाकी सुटत असेल तर आधी 'कट्' असा आवाज येतो, नंतर करकर सुरू होते आणि आट्यांच्या कडेने विटकरी रंगाचे पातळ तेल पाझरून बाहेर येते. हा रंग दिसला की घाई करू नये. पाव फेरी सोडावी, परत थोडी आवळावी, पुन्हा तेल द्यावे आणि असे मागेपुढे करत चाकी वर आणावी. एकाच दमात ओढली तर सुटलेला गंज आट्यांत गोळा होतो आणि अर्ध्या वाटेवर ती पुन्हा बसते.

याउलट, कोणताही आवाज न होता पाना लोणी कापल्यासारखा मऊ फिरू लागला तर तत्क्षणी थांबावे, कारण तेव्हा चाकी सुटत नसून बोल्ट पिळला जात असतो. चिकलठाणा औद्योगिक वसाहतीतील एका वर्कशॉपमध्ये उमेदवारी करताना मी पहिल्याच महिन्यात असा एक ८ मिलीमीटरचा बोल्ट इंजिनच्या ओतीव लोखंडात मोडून ठेवला होता. पान्याला नळी चढवली, हाताला एकदम हलके लागले, सुटला म्हणून मी आनंदलो आणि पुढच्या क्षणी बोल्टचे डोके गोटीसह हातात आले. हिशेब साधा आहे. त्या मापाच्या ८.८ या मजबुतीच्या ग्रेडच्या बोल्टला बसवताना सुमारे २५ न्यूटन-मीटरचाच पीळ द्यायचा असतो, आणि एक फूट लांबीच्या पान्याच्या टोकाला ३० किलोचा जोर लावला तर सुमारे ९० न्यूटन-मीटर पीळ पडतो. म्हणजे नळी न चढवताही एका हाताचा जोर त्या बोल्टला पुरून उरतो. आपले १९ नंबरचा पाना लागणारे, म्हणजे १२ मिलीमीटर जाडीचे बोल्ट याहून बरेच सोसतात, तरी गंजाने बारीक झालेल्या बोल्टवर भरवसा ठेवू नये.

ज्या दोन चाक्यांचे कोपरे गेले आहेत, त्यांच्यापुरते आपले म्हणणे मला मान्य आहे. यू बोल्ट मोंढ्याजवळच्या कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, त्यामुळे अशा चाकीसाठी दोन दिवस घालवण्यात अर्थ नाही. मात्र गॅस कटरऐवजी ग्राइंडरने चाकीची एक बाजू उभी कापून छिन्नीने ती फाकवावी. आपण नुकतेच तेथे तेल मारलेले आहे, बाजूला प्लास्टिकच्या बियाण्याच्या नळ्या आहेत आणि कटरची ज्योत चौकटीची पट्टीही चाखल्याशिवाय राहत नाही. ग्राइंडर चालवण्यापूर्वीही तेल पुसून नळ्या काढून ठेवाव्यात, कारण ठिणग्यांना तेवढे निमित्त पुरते. खताच्या पेटीतील दांडा फिरत नसेल तर तेथे आधी तेल देऊ नये. ती पकड गंजाइतकीच ओल धरून दगड झालेल्या खताची असते, आणि खत पाण्यात विरघळते; गरम पाण्याने पेटी दोनदा धुवावी, उन्हात पूर्ण वाळवावी आणि मगच तेलाचा विचार करावा.

प्रश्न : अ‍ॅसिटोन आणि गिअरचे एटीएफ ऑइल निम्मे-निम्मे मिसळले तर ते विकतच्या कोणत्याही स्प्रेपेक्षा सरस ठरते असे मोबाइलवर पाहिले. आमचे वडील मात्र आयुष्यभर रॉकेलच वापरत आले. खरे काय? (एक वर्कशॉपचालक, जालना)

उत्तर : दोन्ही पिढ्यांचे बरोबर आहे. रॉकेल अतिशय पातळ असते आणि त्याचा पृष्ठताण पाण्याच्या निम्म्याहून कमी असतो, त्यामुळे ते फटीत उत्तम शिरते. त्याची उणीव अशी की ते आत फारसा ओशटपणा मागे न ठेवता उडून जाते. अ‍ॅसिटोनच्या मिश्रणात हीच दोन कामे वाटून दिलेली आहेत. अ‍ॅसिटोन तेलाला पातळ करून आत नेते आणि स्वतः उडून जाते, तर एटीएफ मागे राहून वंगणाचे काम करते. मात्र हे दोन्ही नीट एकजीव होत नाहीत, उभे ठेवले की वेगळे होतात, म्हणून प्रत्येक वेळी बाटली हलवून लगेच वापरावे लागते. अ‍ॅसिटोन रंग उतरवते, बऱ्याच प्लास्टिकला वितळवते आणि रॉकेलपेक्षाही फार चटकन पेट घेते. आपल्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग चालत असेल तर ही बाटली तेथे ठेवू नये, एवढे मी आग्रहाने सांगेन. शिवाय ती पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत कधीही भरू नये.

विकतच्या डब्यांतही फरक असतो. डब्ल्यूडी-४० हे नाव आता आपल्याकडे सर्रास कोणत्याही स्प्रेला दिले जाते. ते १९५३ साली अमेरिकेतील सॅन दिएगो येथील एका लहान कंपनीत तयार झाले, आणि त्या नावाचा अर्थच पाणी हटवण्याच्या मिश्रणाचा चाळिसावा प्रयत्न असा आहे. अ‍ॅटलास क्षेपणास्त्राचा पत्रा ओलाव्यापासून वाचवावा हा त्याचा मूळ उद्देश होता. हलक्या गंजावर आणि ओलसर झालेल्या भागांवर ते चांगले काम करते, परंतु वर्षानुवर्षे बसलेल्या बोल्टसाठी मुद्दाम बनवलेले पेनिट्रंट वेगळे मिळते, आणि ती कंपनीसुद्धा ते वेगळ्या डब्यात विकते. डब्यावरचे नाव वाचण्याऐवजी त्यावर लिहिलेले काम वाचावे.

प्रश्न : बोअरमधील मोटार काढताना लोखंडी कॉलम पाइपांचे तीन जोड पाइप पान्याने सुटले नाहीत. गावातील मिस्त्री गॅसने दोन पाइप जोडणारे सॉकेट तापवू म्हणतात. आधी तेल मारून पाहावे काय? (एक वाचक, ता. औसा, जि. लातूर)

उत्तर : आधी जोडाकडे नीट पाहावे. आपल्याकडील काळ्या पाषाणातील बोअरच्या पाण्यात अनेक ठिकाणी क्षार भरपूर असतात, त्यामुळे अशा जोडात गंजाबरोबर चुन्याचाही पांढरा थर बसतो, आणि त्या थरावर कोणतेही तेल चालत नाही. जोडाच्या कडेवर लिंबाचे चार थेंब पिळावेत. बारीक बुडबुडे येऊ लागले तर तो चुना आहे असे समजावे. अशा वेळी किराणा दुकानात लिंबूफूल या नावाने मिळणारे लिंबूसत्त्व कोमट पाण्यात घट्ट कालवून त्यात भिजवलेली चिंधी जोडाला रात्रभर गुंडाळून ठेवावी, सकाळी जोड धुऊन वाळवावा आणि त्यानंतरच झिरपणारे तेल द्यावे. संडास साफ करण्याचे अ‍ॅसिड मात्र वापरू नये. ते पाइपावरील जस्ताचा थर क्षणात खाते आणि त्याच्या वाफा घशाला बाधतात.

जोड सोडवताना सॉकेटच्या एका बाजूला घण टेकवून समोरच्या बाजूने हातोडीचे ठोके द्यावेत आणि ठोके देता देता सॉकेटभोवती फिरावे. दोन पाइप पाने परस्परविरुद्ध दिशांनी लावावेत, म्हणजे पीळ जोडावरच पडतो आणि बोअरच्या तोंडाशी पाइप धरून ठेवलेल्या शिकंजावर येत नाही. तो शिकंजा घसरला तर खाली लटकलेल्या पाइपांसह मोटार बोअरमध्ये जाते आणि मग गंज हा प्रश्नच उरत नाही.

तापवण्यामागील तत्त्व योग्य आहे. पोलाद तापले की प्रसरण पावते. २० मिलीमीटर व्यासाची चाकी २०० अंशांनी तापवली तर तिचा व्यास सुमारे पाच शतांश मिलीमीटरने, म्हणजे जवळपास केसाच्या जाडीइतका वाढतो, आणि गंजाची पकड मोडायला तेवढे पुष्कळदा पुरते. म्हणूनच नेहमी बाहेरचा भाग तापवावा, आतला नव्हे. जुने कारागीर तापलेल्या जोडाच्या कडेला मेणबत्ती टेकवतात. वितळलेले मेण आत ओढले जाते आणि ही युक्ती खरोखर चालते. परंतु आपल्या पाइपावर जस्ताचा मुलामा असेल तर तो तापल्यावर निघणारा पांढरा धूर श्वासात गेल्यास रात्री थंडी वाजून ताप भरतो. शेजारून मोटारीची केबल जात असते, आणि तेल मारलेल्या जोडावर ज्योत धरणे म्हणजे आग ओढवून घेणे आहे. तेव्हा हा उपाय करायचाच असेल तर पाइप बोअरबाहेर, उघड्यावर, केबल सोडवून आणि तेल पूर्ण पुसून करावा. परत बसवण्यापूर्वी पाइप आतून-बाहेरून धुवावेत, कारण ते पाणी आपण पिणार आहात.

पाइप प्लास्टिकचे असतील तर वरील काहीच लागू नाही. त्यांच्या जोडात रबरी कडे असते आणि खनिज तेलाने ते फुगते. तेथे साबणाचे पाणी आणि पट्ट्याचा पाना वापरावा.

प्रश्न : आईचे पायाचे शिवणयंत्र बारा वर्षे बंद होते. चाक फिरत नाही. गंज तर कोठेच दिसत नाही. स्प्रे मारावा काय? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : आपण गंज शोधलात आणि तो दिसला नाही, हेच आपले उत्तर आहे. घरात मशीनचे तेल संपले की कोणीतरी स्वयंपाकघरातील तेल घालते, आणि आपल्या भागात ते अनेकदा करडईचे असते. करडईचे तेल हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन हळूहळू दाट होते आणि शेवटी वार्निशसारखा चिकट पिवळा थर बनते. याच गुणामुळे ते रंगांतही वापरले जाते. स्प्रेने हा थर काही अंशी सुटेल, परंतु येथे रॉकेल अधिक योग्य आहे. चाकाची वादी उतरवावी, सुई आणि बॉबिन काढावे, दांड्यांच्या सर्व छिद्रांत रॉकेलचे थेंब सोडावेत आणि मशीनच्या वरच्या भागावर हेअर ड्रायरची हलकी ऊब रॉकेल घालण्यापूर्वी दिली तर चिकटपणा लवकर ढिला होतो. रॉकेल घातल्यानंतर मात्र ड्रायर लावू नये. चाक हाताने मागेपुढे डोलवत राहावे, जबरदस्ती करू नये. शटलच्या खाली जुना दोरा गुंडाळून बसला आहे काय हेही पाहावे. निम्मी 'जाम' यंत्रे वितभर दोऱ्याने जाम झालेली असतात. चाक मोकळे झाल्यावर रॉकेल पुसून मशीनचे तेल घालावे, कारण नुसत्या रॉकेलवर यंत्र चालवले तर लोखंडावर लोखंड घासते. अंगावरची सोनेरी नक्षी जपायची असेल तर वर उल्लेखिलेले अ‍ॅसिटोन तिच्या जवळपासही नेऊ नये.

प्रश्न : ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाच्या चाक्या गॅसने लाल करून सोडवल्या तर चालेल काय? (एक वाचक, उदगीर, जि. लातूर)

उत्तर : टायर चढवलेला असताना मुळीच चालणार नाही. रिम तापल्यावर टायरच्या आतील रबराचे विघटन होऊन ज्वालाग्राही वायू साठतात आणि ज्योत बाजूला केल्यानंतरही टायर स्फोटासारखा फुटू शकतो. अशा अपघातांत माणसे दगावली आहेत. हवा सोडली म्हणून धोका संपतो असे समजू नये. येथे तेल, ठोके, लांब दांड्याची सहा कोनी गोटी आणि दोन दिवसांचा धीर एवढीच साधने वापरावीत. तेल ब्रेकच्या बाजूला ओघळणार नाही याची काळजी घ्यावी, आणि चाक्या परत आवळण्यापूर्वी आट्यांवरील तेल पुसून टाकावे. तेलकट आट्यांवर त्याच जोरात चाकी प्रमाणाबाहेर आवळली जाते आणि स्टड, म्हणजे ती ज्यावर बसते तो बोल्ट, ताणला जातो.

प्रश्न : सायकलचे डावे पायडल चार दिवस तेल मारूनही सुटत नाही. उजवे लगेच सुटले. कारण काय असावे? (एक विद्यार्थिनी, परभणी)

उत्तर : डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, त्यामुळे आपण चार दिवस ते सोडवत नसून आवळत होता. सायकल उभी करून १५ नंबरचा पाना पायडलला असा लावावा की त्याचा दांडा वर उभा राहील, आणि तो मागच्या चाकाच्या दिशेने ओढावा. डावे असो वा उजवे, दोन्ही पायडले याच दिशेने सुटतात. चार दिवस मुरलेले तेल आता उपयोगी पडेल. बसवताना आट्यांना थोडे ग्रीस लावावे आणि पहिल्या दोन फेऱ्या पाना न लावता बोटांनीच फिरवाव्यात.